कॅमेऱ्याची जयणा : दूर राहून जवळचे पाहण्याची कला

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. पावसाने धुतलेल्या वाटा कोरड्या होतात, सकाळी हवेत गारवा येतो आणि यवतमाळ जिल्ह्यातील श्रावक कुटुंबांतही सहलींचे बेत ठरू लागतात. कुणी पांढरकवड्यावरून टिपेश्वर अभयारण्यात जातात, कुणी बाभुळगाव तालुक्यातील बेंबळा जलाशयाच्या काठी पक्षी पाहायला थांबतात, तर कुणी उमरखेडच्या बाजूला पैनगंगेच्या जंगलाकडे वळतात. अलीकडे या सहलींत मोबाइलच्या जोडीला आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे लांब नळीचा झूम कॅमेरा.

हा कॅमेरा हौसेने घेतला जातो. पण बहुतेक घरांत त्याच्या माथ्यावरची चकती पहिल्या दिवसापासून ‘ऑटो’वरच राहते. मग टिपेश्वरच्या गवतात वाघ दिसतो, कॅमेरा उचलला जातो आणि चित्र हलते, धूसर येते किंवा भलत्याच गवताच्या काडीवर स्थिरावते. अशा वेळी तोंडून सहज एक वाक्य निघते : “दादा, गाडी जरा पुढे घ्या ना!” आपण ज्या गोष्टीचा विचार करणार आहोत, ती या वाक्यात आहे. शेकडो फुटांवरून चित्र घेण्यासाठीच बनवलेले यंत्र हातात असूनही ते चालवता येत नाही म्हणून आपण जवळ जाऊ पाहतो. आपल्या अज्ञानाची किंमत त्या मुक्या जिवाला मोजावी लागते.

जैन आचारात हिंसेचा विचार केवळ हेतूपाशी थांबत नाही. मारण्याची इच्छा नसतानाही बेसावधपणे, म्हणजेच प्रमादाने, इतर जिवाला पीडा होऊ शकते. म्हणून चालताना, बोलताना, वस्तू उचलताना आणि ठेवताना जयणा पाळावी, अशी शिकवण आहे. मग कॅमेरा उचलतानाही ती का पाळू नये? यंत्राची बटणे नीट समजून घेणे हा केवळ छंदाचा भाग नाही. दूर राहण्याची ती पूर्वतयारी आहे.

अंतर आपल्याच जिल्ह्याचा प्रश्न आहे

टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ १४८.६३ चौरस किलोमीटर आहे. वाघांच्या मानाने ही जागा मोठी नाही. सभोवती कापसाची, तुरीची शेते आहेत, गावे आहेत आणि जवळूनच नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. येथे वाढलेल्या तरुण वाघांना नवी जागा शोधत बाहेर पडावे लागते. २०१९ च्या फेब्रुवारीत टिपेश्वरमध्ये रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ त्याच वर्षी जूनमध्ये बाहेर पडला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, ओढे, रस्ते ओलांडत डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची वाट तेराशे किलोमीटरांहून अधिक झाली होती. पुढे तो ‘वॉकर’ या नावाने जगभर ओळखला गेला. २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेलेला वाघही टिपेश्वरचाच असल्याचे त्याच्या अंगावरील पट्ट्यांवरून ओळखता आले. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. त्यामुळे स्पष्ट छायाचित्र हा वाघाचा जणू ओळखपत्राचा फोटोच असतो.

याच जिल्ह्याने दुसरी बाजूही पाहिली आहे. पांढरकवडा-राळेगाव परिसरातील ‘टी-१’ म्हणजेच ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीने मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले होते. ज्या घरांतील माणसे गेली त्यांचे दुःख मोठे होते आणि त्या वाघिणीच्या अंताने हळहळणारेही असंख्य होते. कुणाची बाजू बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. परंतु माणूस आणि वाघ यांच्यातील अंतर मिटले की दोन्हीकडचे जीव जातात, हे यवतमाळकरांना कुणी नव्याने सांगायला नको.

पर्यटकांच्या गर्दीचा धडाही फार दूरचा नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेल्यांपैकी कुणाच्याही मनात वाघिणीचे वाईट करण्याचा विचार नसेल. सर्वांना हवे होते ते फक्त एक चांगले, जवळून दिसणारे चित्र.

हा कॅमेरा आहे तरी कसा?

जाणकार याला ‘ब्रिज कॅमेरा’ म्हणतात, म्हणजे खिशातला साधा कॅमेरा आणि व्यावसायिकांचा मोठा कॅमेरा यांच्यामधला पूल. याचे भिंग कायमचे जोडलेले असते. ते बदलता येत नाही. मात्र त्या एकाच भिंगात रुंद देखावाही मावतो आणि लांबचा पक्षीही. निकॉन कूलपिक्स पी९०० हा २०१५ मध्ये आलेला कॅमेरा २४ ते २००० मिलिमीटर, म्हणजे ८३ पट झूम देतो. २०१८ च्या पी१००० मध्ये ही मजल ३००० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे १२५ पटींवर गेली. त्याचे वजन मात्र जवळजवळ दीड किलो झाले. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ केवळ ६०० मिलिमीटरपर्यंत जातो. पण त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, क्षेत्रफळाने सुमारे चौपट मोठी आहे. त्यामुळे पहाटेच्या मंद उजेडात तो अधिक स्वच्छ चित्र देतो.

हे आकडे प्रत्यक्षात काय सांगतात? शंभर मीटरवर वाघ उभा आहे असे समजा. २००० मिलिमीटरच्या झूमवर चित्राची चौकट तेथे सुमारे पावणेदोन मीटर रुंद असते. आडवा उभा असलेला वाघ तिच्यात जेमतेम मावेल. ६०० मिलिमीटरवर तीच चौकट सहा मीटर रुंद होते. म्हणजे वाघासोबत त्याच्याभोवतीचे गवत आणि सागाची झाडेही दिसतील. शंभर मीटर म्हणजे क्रिकेटच्या मैदानात मध्यापासून सीमारेषेपलीकडचे अंतर. इतक्या लांबून वाघाचे सर्वांग टिपता येत असेल, तर गाडी पुढे घ्यायला सांगण्याचे कारणच उरत नाही.

आपल्या समाजाला या कॅमेऱ्याच्या आणखी दोन बाजू भावतील. मोठ्या कॅमेऱ्याचा छंद लागला की एक भिंग पुरत नाही. दुसरे, तिसरे, मग त्यांची पेटी, असा परिग्रह वाढत जातो. ब्रिज कॅमेऱ्यात ही वाट मुळातच बंद असते. परिग्रहाचे परिमाण ठरवणाऱ्या गृहस्थाला ही मर्यादा सोयीची वाटावी. दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये छायाचित्रांच्या काचेवर जिलेटिनचा लेप वापरण्याची रीत मांडली आणि पुढे शतकभर फिल्मचा प्रत्येक रोळ जिलेटिनवरच आधारलेला राहिला. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच नसल्याने चित्र टिपताना तो प्रश्न उरत नाही. मात्र लॅबमध्ये रासायनिक पद्धतीने छापल्या जाणाऱ्या चित्रांच्या कागदावर आजही जिलेटिनचा थर असतो. छापून घेण्यापूर्वी कागदाची चौकशी करावी आणि कॅमेऱ्याची पिशवीही कातडी न घेता कापडी घ्यावी.

माथ्यावरच्या चकतीची अक्षरे

कॅमेऱ्याच्या उजव्या खांद्यावर फिरणारी एक चकती असते. तिला मोड डायल म्हणतात. तिच्यावरील अक्षरे पाहून अनेक जण बिचकतात. पण त्यांच्यामागे तीनच गोष्टी आहेत. भिंगाचे दार किती उघडायचे, ते अॅपर्चर; ते दार किती वेळ उघडे ठेवायचे, तो शटरचा वेग; आणि सेन्सरने प्रकाशाला किती संवेदनशील असावे, तो आयएसओ. विहिरीचे पाणी शेताला देताना पाटाचे तोंड किती मोठे आणि पाणी किती वेळ सोडायचे, हे शेतकरी ठरवतो. पहिल्या दोन गोष्टींचा हिशेब तसाच आहे. यांतला कोणता निर्णय आपण घ्यायचा आणि कोणता कॅमेऱ्यावर सोडायचा, एवढेच ती अक्षरे सांगतात.

‘ऑटो’मध्ये सारे निर्णय कॅमेऱ्याचे. घरातील वाढदिवस, सहलीतील सर्वांचा एकत्र फोटो यांसाठी तो उत्तम आहे. जंगलात मात्र त्याला आपला विषय कळत नाही. अंधार वाटला की काही कॅमेरे ‘ऑटो’मध्ये फ्लॅशचीही मागणी करतात.

‘पी’ हा ‘ऑटो’चा समंजस भाऊ. अॅपर्चर आणि शटर तो स्वतः जुळवतो. पण आयएसओ, उजेडाची कमी-जास्त मात्रा आणि फोकसची जागा आपल्या हाती ठेवतो. नवशिक्याने पहिला महिना येथेच घालवावा.

‘ए’मध्ये (कॅननच्या कॅमेऱ्यावर ‘एव्ही’) अॅपर्चर आपण ठरवतो. एफच्या पुढचा आकडा जितका लहान तितके दार मोठे. फुलावर बसलेले फुलपाखरू स्पष्ट आणि मागची पाने मऊ हवी असतील तर लहान आकडा घ्यावा. मंदिराचा मंडप समोरपासून गाभाऱ्यापर्यंत स्पष्ट हवा असेल तर आकडा थोडा वाढवावा. ब्रिज कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो. म्हणून आकडा फार वाढवू नये. एफ/८ च्या आसपास चित्राचा रेखीवपणा कमी होऊ लागतो.

‘एस’मध्ये (कॅननवर ‘टीव्ही’) शटरचा वेग आपला. वन्यजीव आणि पक्षी यांच्यासाठी हाच मोड सर्वाधिक उपयोगी आहे. शांत बसलेल्या खंड्याला सेकंदाचा दोनशे पन्नासावा भाग पुरतो. चालत्या चितळासाठी पाचशेवा, तर उडत्या बगळ्यासाठी हजारावा किंवा त्याहून कमी भाग लागतो. वेडा राघू माशी पकडायला झेपावतो तेव्हा तर दोन हजारावा भागही अपुरा वाटेल.

‘एम’मध्ये सारे आपल्या हाती. रोजच्या वापरात त्याची गरज पडत नाही. पण चंद्राचे चित्र घेताना पडते. काळ्या आकाशामुळे कॅमेरा फसतो आणि चंद्राची नुसती पांढरी थाळी करून टाकतो. चंद्रावर ऊनच पडलेले असते, हे लक्षात घेतले की गणित सुटते. एफ/८, आयएसओ १०० आणि सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग, येथून सुरुवात करावी. पौर्णिमेपेक्षा अष्टमी-नवमीचा चंद्र चित्रात अधिक सुंदर येतो. कारण तिरप्या उन्हामुळे त्याच्यावरील खळग्यांच्या सावल्या उठून दिसतात. तिथी पाळणाऱ्या घरांना हा दिवस शोधायला कॅलेंडरही उघडावे लागत नाही. काही कॅमेऱ्यांच्या चकतीवर चंद्रासाठी आणि पक्ष्यांसाठी स्वतंत्र चिन्हे असतात. त्यांनी आरंभ करायला हरकत नाही.

‘यू’ किंवा ‘सी’ या अक्षरांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. खरे तर जयणेच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची आहेत. येथे आपल्या पसंतीची सारी मांडणी साठवून ठेवता येते. जंगलासाठीची मांडणी घरी बसून एकदा साठवली की प्रवेशद्वारापाशी चकती फक्त एकदा फिरवायची. वाघ समोर आल्यावर बटणांची शोधाशोध नाही, घाई नाही, आवाज नाही.

बोटांखालची बटणे

शटरचे बटण दोन टप्प्यांत दाबायचे असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अर्धे दाबले की कॅमेरा फोकस ठरवतो आणि चौकटीत हिरवी खूण येते. त्यानंतर पूर्ण दाबले की चित्र टिपले जाते. एका झटक्यात दाबल्याने जितकी चित्रे बिघडतात तितकी दुसऱ्या कशानेही बिघडत नसतील.

त्याच बटणाभोवती झूमचा खटका असतो. एकदम टोकाचा झूम लावून पक्षी शोधू लागले तर आकाशाखेरीज काही सापडत नाही. आधी रुंद चौकटीत पक्षी मध्यभागी घ्यावा, मग हळूहळू जवळ आणावा. पक्षी चौकटीतून निसटला तर काही कॅमेऱ्यांच्या भिंगाच्या बाजूला एक खास बटण असते. ते दाबून ठेवले की चौकट क्षणभर रुंद होते आणि सोडले की पूर्वीच्या झूमवर परतते. ही सोय माहीत असलेला माणूस पक्षी हरवला म्हणून चार पावले पुढे जात नाही.

फोकसची चौकट मोठी ठेवली तर कॅमेरा जवळच्या फांदीलाच विषय मानतो. गवतातील प्राण्यासाठी ती सर्वांत लहान करून त्याच्या डोळ्यावर ठेवावी. फांद्यांची जाळीच आडवी आली आणि कॅमेरा गोंधळला, तर हाताने फोकस करण्याची सोयही असते. तिचा सराव घराच्या गच्चीवरून करावा.

अधिक-उणे चिन्हाचे बटण उजेडाची मात्रा बदलते. कॅमेरा प्रत्येक दृश्याला मध्यम करड्या छटेकडे ओढतो. म्हणून पांढरा बगळा उन्हात असला तर उणे एकपर्यंत जावे. नाही तर पिसांचे बारकावे पांढऱ्या डागात हरवतात. याउलट उजळ आकाशासमोर तारेवर बसलेला काळा कोतवाल टिपताना अधिक एक घ्यावे.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावणे हीसुद्धा एक युक्तीच आहे. कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपरे बरगड्यांशी येतात आणि हात आपोआप स्थिर होतात. त्याच्या बाजूच्या छोट्या चाकाने दृश्य आपल्या नजरेच्या नंबराप्रमाणे स्पष्ट करून घेता येते. त्यामुळे ज्येष्ठांनी ‘मला यातले दिसत नाही’ म्हणून कॅमेरा नातवाकडे देण्याची गरज नाही.

चित्र हलण्याचे गणितही सोपे आहे. जितक्या मिलिमीटरचा झूम, सेकंदाचा तितकाच लहान भाग शटरला द्यावा, असा जुना नियम आहे. २००० मिलिमीटरला दोन हजारावा भाग. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणामुळे यात साधारण चार पायऱ्यांची सूट मिळते आणि प्रत्येक पायरीला वेळ दुप्पट करता येतो. म्हणजे स्थिर विषयासाठी एकशे पंचविसावा भागही चालून जातो. गाडीच्या दांडीवर कॅमेरा टेकवायला जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भरलेली छोटी पिशवी शिवून घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या अशा पिशवीत धान्य किंवा कडधान्य भरण्याची पद्धत आहे. आपल्या घरी त्याची गरज नाही.

यंत्राची मर्यादा, आपली मर्यादा

प्रत्येक यंत्राला सीमा असते आणि ती जाणून घेणे हाही संयमच. ८३ पट झूम असलेल्या कॅमेऱ्याचे दार रुंद टोकाला एफ/२.८ असते, तर लांब टोकाला एफ/६.५. म्हणजे आत येणारा प्रकाश पाचव्या हिश्श्याहूनही कमी होतो. पहाटेच्या पहिल्या फेरीत पूर्ण झूम लावून चांगले चित्र मागणे म्हणजे दुष्काळात विहिरीकडे पुराचे पाणी मागणे. अशा वेळी आयएसओ वाढवला की चित्रात दाणे येतात. लहान सेन्सरवर आयएसओ ८०० च्या पुढे शक्यतो जाऊ नये. त्यापेक्षा झूम कमी करून प्राणी त्याच्या परिसरासह दाखवावा. धुक्यात बुडालेले गवत आणि त्यात उभे चितळ, हे चित्र नुसत्या चेहऱ्यापेक्षा अधिक बोलके असते.

‘डिजिटल झूम’ नावाची सोय मेन्यूत जाऊन बंद करावी. तो खरा झूम नसतो. टिपलेल्या चित्राचा मधला तुकडा ताणून मोठा केलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे जमीन तापली की हवा थरथरते. त्या लहरींतून लांबचे कोणतेही चित्र रेखीव येत नाही, भिंग कितीही महागडे असो. उपाय एकच : सकाळ लवकर गाठणे. आणि एक इशारा, विशेषतः मुलांना : झूम लावलेला कॅमेरा चढत्या सूर्याकडे कधीही रोखू नये. भिंगाने एकवटलेल्या उन्हाने सेन्सर जळू शकतो.

कॅमेऱ्याचे मौन

नवा कॅमेरा पेटीतून काढताच मेन्यूत तीन बदल करावेत. फोकस झाल्यावर वाजणारा आवाज बंद करावा. अंधारात फोकससाठी लागणारा छोटा दिवा बंद करावा. कारण घुबडाच्या किंवा बछड्याच्या डोळ्यांवर तो थेट पडतो. फ्लॅश मिटवून ठेवावा. काही कॅमेऱ्यांत पूर्ण नीरव असे इलेक्ट्रॉनिक शटर असते. बसलेल्या पक्ष्यासाठी ते उत्तम. मात्र वेगाने फडफडणारे पंख त्यात कधी कधी वाकडे दिसतात. एकामागून एक झपाट्याने चित्रे घेणारा मोडही गरजेपुरता वापरावा. सेकंदाला दहा चित्रे घेतली म्हणून दहा चांगली मिळत नाहीत. घरी येऊन नऊ पुसावी लागतात.

न दिलेले घेऊ नये

लांबून चित्र घेता येते म्हणून कुणाचेही घेता येते, असे मात्र नाही. दूरच्या झूममुळे समोरच्याला आपण दिसतही नाही. अशा वेळी अदत्तादानाचा विचार आठवावा : जे दिलेले नाही ते घेऊ नये. कापूस वेचणाऱ्या स्त्रिया, पाड्यावरील मुले, घाटावर स्नान करणारे लोक यांची चित्रे त्यांच्या नकळत टिपणे हे सभ्यतेला धरून नाही. आधी विचारावे, मग थोडे मागे सरून झूमने टिपावे. ओळख झाल्यावर हसणारा चेहरा चोरून घेतलेल्या चेहऱ्यापेक्षा नेहमीच अधिक खरा येतो. साधु-साध्वींच्या विहाराच्या वेळीही हेच. अनेक मुनी-महाराजांना छायाचित्रण मान्य नसते आणि फ्लॅशचा तर अनेकांना निषेध असतो. संघाच्या ज्येष्ठांना विचारून, परवानगी असेल तरच कॅमेरा उचलावा.

पक्ष्यांची घरटी हा याहून नाजूक विषय आहे. घरट्यासमोर माणूस वारंवार थांबू लागला की पक्षी पिलांकडे फिरकायला घाबरतो आणि अंडी उन्हात तापतात. आडवी फांदी ‘जराशी’ बाजूला केली तर शिकारी पक्ष्याला वाट मोकळी होते. म्हणून घरटे दिसले तर दुरूनच वंदन करून पुढे जावे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे, खाद्य टाकून जवळ आणणे, दुर्मिळ जिवाचे नेमके ठिकाण सर्वांना कळवणे, हेही टाळावे.

जाण्यापूर्वीची उजळणी

सहलीच्या आठ दिवस आधी रोज अर्धा तास सराव केला तर वर सांगितलेले सारे हाताला बसते. गच्चीवर आलेल्या साळुंक्या, अंगणातील चिमण्या, तारेवरचे कोतवाल हे उत्तम गुरू आहेत. पुढील मांडणी ‘यू’ किंवा ‘सी’मध्ये साठवून ठेवावी :

– मोड ‘एस’, शटर सेकंदाचा पाचशेवा भाग. पक्षी उडण्याची शक्यता असेल तर हजारावा.
– आयएसओ आपोआप, कमाल मर्यादा लहान सेन्सरला ८००, मोठ्या सेन्सरला ३२००.
– फोकसची चौकट लहान, मध्यभागी.
– स्थिरीकरण सुरू, डिजिटल झूम बंद.
– आवाज, दिवा आणि फ्लॅश बंद.
– जादा बॅटरी आणि रिकामे मेमरी कार्ड सोबत; लांब झूम आणि व्ह्यूफाइंडर बॅटरी लवकर संपवतात.

प्रवेशद्वारावरील वनविभागाचे नियम वाचावेत. वाटाड्या ‘थांबा’ म्हणाला की थांबावे आणि त्याला गाडी पुढे घ्यायचा आग्रह करू नये. बक्षिसाचे आमिष तर मुळीच दाखवू नये. त्या आग्रहापुढे त्याचे नाही म्हणणे अवघड होते आणि नियम मोडल्याची शिक्षा शेवटी त्यालाच भोगावी लागते.

चित्र घरी आणल्यावर त्याच्याकडे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. चित्रातील प्राणी आपल्याकडे रोखून पाहत असेल, कान मागे टाकलेले असतील, पक्ष्याने मान ताठ करून पंख सैल केले असतील, तर आपली चाहूल त्याला लागली होती आणि ती त्याला आवडली नव्हती. तो चरत असेल, पिलाला चाटत असेल, पाणी पीत असेल, पिसे साफ करत असेल, तर आपण तेथे असूनही त्याच्या जगण्यात लुडबूड केली नाही. दुसऱ्या प्रकारचे चित्र थोडे लहान आले, एखादी काडी आडवी आली, उजेड थोडा कमी पडला, तरी तेच अधिक चांगले समजावे आणि भिंतीवर तेच लावावे. येणाऱ्या पाहुण्यांना ते दाखवताना कॅमेऱ्याची किंमत न सांगता, ते किती लांबून घेतले आहे, तेवढे आवर्जून सांगावे. घरातील मुले ते ऐकत असतात आणि पुढच्या वेळी गाडीत बसल्यावर ‘पुढे घ्या’ म्हणायचे की नाही, हे तीही त्यातूनच शिकतात.